भिवाचे दोन तळहात

चिंचपोकळीला गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या भिवाकडे थर्मामीटर नव्हता असे नाही. होता, पण तो खोक्यातून क्वचितच बाहेर यायचा. भिवा ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा, एसी लावायचा आणि हवेच्या डाव्या जाळीवर डावा, उजव्या जाळीवर उजवा तळहात धरून डोळे मिटायचा. मग सांगायचा, गॅस कमी आहे की फिल्टर तुंबलाय. त्याचे वडील गिरणीत सूत दोन बोटांत चोळून त्याच्या जाडीचा नंबर सांगत. तेच आपल्या हातांत उतरले आहे असे तो मानायचा. अभिमान म्हणावा असा त्याला तेवढाच होता.

एका दुपारी दादरच्या मृणालिनीबाई गाडी घेऊन आल्या. गाडीला टेम्पोने ठोकले होते. शेजारच्या गॅरेजवाल्या राकेशने पत्रा सरळ केला, डॅशबोर्ड उतरवून नवी एअरबॅग बसवली. तेव्हापासून उजवीकडे गार हवा आणि डावीकडे कोमट.

"डावीकडे माझी आई बसते हो," बाई म्हणाल्या. "नव्वदीला आलीय. दवाखान्यात पोचेपर्यंत घामाघूम होते."

भिवाने तळहात धरले. "बरोबर आहे. डावी बाजू गरम."

डॅशबोर्डचा खण काढून त्याने आत हात घातला. गार आणि गरम हवा मिसळणारी झडप असते, तिची डावीकडची दांडी खुंटीत अडकवायचीच राहिली होती.

"राकेश, तुझ्या पोरांनी दांडी लटकती सोडलीय रे."

"आम्ही नाही सोडली तर तुझं दुकान कसं चालणार, भिवादा?"

भिवा हसला. दांडी अडकवली, झडप नीट फिरू लागली. एसी लावून त्याने पुन्हा हात धरले. उजवा तळहात गारठला. डावा कोमटच.

त्याने गॅसचे प्रेशर पाहिले, ते ठीक होते. खण परत काढला. झडप शेवटपर्यंत बंद होत होती. पुन्हा हात धरले. डावीकडे तेच.

मृणालिनीबाई डाव्या सीटवर येऊन बसल्या. "अहो, छान गार येतंय की."

"उन्हातून आलात ना मॅडम, म्हणून वाटतंय."

"थर्मामीटर लाव ना यार," राकेश बाहेरून म्हणाला. "किती भाव खाशील?"

पुढे वाकून भिवाने उजवा हात डाव्या जाळीवर ठेवला. गार, अगदी बर्फासारखी हवा. मग डावा हात उजव्या जाळीवर ठेवला. कोमट.

त्याने डावा तळहात मांडीवर चोळला. बरेच दिवस डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. पान्याने नट आवळून येत असतील म्हणून त्याने मनावर घेतले नव्हते. त्याला एक टॅक्सी आठवली. तिची डावी बाजू गरम लागली म्हणून उघडली तर काहीच सापडले नव्हते, तेव्हा गाडीच जुनी आहे म्हणून त्याने ड्रायव्हरची बोळवण केली होती.

"झालं का भिवाभाऊ?"

"झालं मॅडम. मघाशीच झालं होतं. आईंना बसवा बिनधास्त."

"मग इतका वेळ काय बघत होतात?"

"खात्री करत होतो."

घोडपदेवला घरी आल्यावर त्याची बायको चंपा चहाचा पेला पदरात धरून घेऊन आली. भिवाने तो मुद्दाम डाव्या हातात घेतला.

"अहो, भाजेल. खाली ठेवा."

त्याने पेला घट्ट धरला. "खूप गरम आहे का गं?"

"आत्ता उतरवलाय. हातात आहे तुमच्या आणि मला काय विचारताय?"

भिवाने पेला उजव्या हातात घेतला आणि चटकन खाली ठेवला. चंपा त्याच्या लाल झालेल्या डाव्या तळहाताकडे बघत राहिली.