कुंपणातला ठोका

माझी मान ताठ असते आणि जीभ त्याहून तिखट, हे आमच्या संशोधन गटात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून अँटेना माझ्याच गावाजवळ, कंधारपलीकडच्या टेकड्यांमधल्या माळावर लावायचा हट्ट मी धरला तेव्हा कुणी फार वाद घातला नाही.

विश्वातले पहिले तारे पेटले तेव्हा सगळीकडे हायड्रोजन भरून होता. त्यानं सोडलेल्या क्षीण रेडिओलहरी वाटेत ताणल्या जाऊन आज एफएमच्या आसपास येतात. त्या मोजायच्या तर भोवताली रेडिओची गडबड नको. तशी जागा आमच्याकडंच आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

पहिल्याच नोंदीत दर सेकंदाला एक ठोका दिसला. मी मोबाइल टॉवरला नावं ठेवली, शेजाऱ्याची विहिरीवरची मोटर बंद करायला लावली, लाइनमनशी भांडले. ठोका जागचा हलेना. आमच्या गटप्रमुख मॅडम म्हणाल्या, "पंधरा दिवसांत स्वच्छ नोंद मिळाली नाही तर जागा बदलू."

शेवटी हातातला छोटा अँटेना घेऊन बांधाबांधानं फिरले. ठोका वाढत वाढत आमच्याच ज्वारीपाशी आला. कुंपणाच्या तारेत दर सेकंदाला विजेचा झटका सोडणारं मशीन! रानडुकरांसाठी पहिल्या पगारात ते मीच आणून दिलं होतं, तेही सगळ्या गावाला दाखवून. इतकी खजील मी कधी झाले नव्हते.

"हात्तिच्या!" माझे वडील हसले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. "बंद करतो की. धा रात्रीचं काम ना? मी बसतो राखणीला."

दहा रात्रींची नोंद आली. आलेखावरची रेघ स्वच्छ. हायड्रोजन अजून सापडलेला नाही, त्याला वर्षं लागतील. पण जागा कायम झाली. मॅडमना घेऊन मी पेढे द्यायला शेतात गेले. बघते तर ज्वारीचा एक कोपरा डुकरांनी पार आडवा केलेला.

"हे काय दादा? तुमच्या एका आरोळीत तर डुकरं शिवार सोडतात."

"वरडलोच न्हाई माय. नुसता काठी घिऊन पळत होतो," ते म्हणाले. "तूच म्हणलीस, लई जुना आवाज हाय, लई लांबून येऊन राहिलाय. म्हणलं, आपण मधी कशाला बोलावं?"

माणसाच्या ओरडण्यानं रेडिओलहरींना काही होत नाही, हे सांगायचं मीच विसरले होते. तेव्हाही सांगितलं नाही. मॅडमकडे वळून एवढंच म्हणाले, "हे माझे वडील."