मेणाची वडी

दादाचा फोन आला तेव्हा मी पंचवटीच्या भाजीबाजारात मेथी घेत होते. तो फक्त "ये" म्हणाला. हातातली जुडी मी का कोण जाणे पिशवीत टाकली आणि ती पिशवी तशीच घेऊन त्यांच्या घराचा जिना चढले. शैलावहिनी असती तर म्हणाली असती, "वन्सं, मरणाच्या घरी मेथी घेऊन येतं का कुणी?" आणि मग स्वतःच परात घेऊन निवडायला बसली असती. माझी एकुलती एक भावजय. मला वन्सं म्हणणारी जगात ती एकटीच, आणि तेही मानाने नव्हे, चिडवायला... आता कुणी तसं म्हणणार नाही.

संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या ग्रुपवर "कर्करोगाशी सुरू असलेली झुंज अखेर संपली" असं येऊन पडलं. मला त्या वाक्याचा राग आला, अजूनही आहे. झुंज द्यायला समोर कुणीतरी यावं लागतं. वहिनीच्या वाट्याला आलं ते वाट बघणं. आणि वाट बघायचा तर तिला मुळातच कंटाळा. तपोवनातल्या मोकळ्या मैदानावर ती बायकांना स्कूटी शिकवायची. पन्नाशीच्या, साडीतल्या, ब्रेक कुठे आहे विचारणाऱ्या बायका. त्यांच्या मागे पळत ती ओरडायची, "चाकाकडे काय बघतेस? जायचंय तिकडे बघ!" दादाला मात्र तिने कधी स्कूटी चालवू दिली नाही. तो मागे बसायचा, मांडीवर पिशवी धरून. अख्ख्या गल्लीने ते पाहिलंय आणि दादाला त्याचं कधी काही वाटलं नाही.

पोट सुटलंय असं वाटून तिने आधी भात सोडला. मग सोनोग्राफी झाली, ऑपरेशन झालं आणि अंडाशयाची गाठ निघाली. कॅन्सर होता, पण नेहमीचा नव्हता. अगदी कमी बायकांना होणारा प्रकार आहे, हळू वाढतो, पण केमोला फारशी दाद देत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. "म्हणजे माझ्यासारखाच," वहिनी म्हणाली. "कुणाचं ऐकत नाही." आम्ही हसलो. तेव्हा हसता येत होतं.

मुंबईच्या डॉक्टरांचंही मत घ्यायचं ठरलं, म्हणून इथल्या लॅबने गाठीचा ब्लॉक दादाच्या हाती दिला. काढलेल्या गाठीचा बारीकसा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. दिसायला कापराच्या मोठ्या वडीसारखा, मध्ये एक फिकट डाग. मुंबईचं काम झाल्यावर तो परत लॅबला द्यायचा राहिला आणि घरातच पडून राहिला. वहिनीला तर बरं वाटत होतं. मैदानावर पुन्हा तिचा आवाज घुमत होता.

आमच्याकडे जे घरात ठेवायचं नाही आणि कचऱ्यातही टाकवत नाही, ते गंगेत सोडतात. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. जुन्या कॅलेंडरांवरचे देव, तडा गेलेली तसबीर, निर्माल्य, सगळं गंगेत. त्या वर्षीच्या दिवाळीच्या साफसफाईत वहिनीने अशीच एक पिशवी भरली आणि स्कूटीवरून गंगेवर जाऊन आली. आल्यावर हात धुता धुता म्हणाली, "ती वडीपण सोडली. माझंच मांस, ते काय केरात टाकायचं? आणि घरात ठेवून रोज त्याचं तोंड कशाला बघायचं?" दादाने मान डोलावली. मला तर ते फार शहाणपणाचं वाटलं. आजार जणू तिने स्वतःच्या हाताने पोचता केला होता.

काही वर्षांनी तो परत आला. हार्मोनच्या गोळ्यांनी जरा थोपवला, मग त्यांचंही चालेना. त्यानंतरच्या मुंबईच्या खेपेला मी सोबत होते. डॉक्टर तरुण होत्या, मन लावून बोलत होत्या. परदेशात या प्रकारासाठी एक नवी गोळी निघाली आहे, म्हणाल्या. गाठीतल्या पेशींमध्ये एक ठरावीक बदल असेल तर तिचा उपयोग होण्याची बरीच आशा असते. तो बदल आहे का, ते तपासायला हवं. "तुमचा ऑपरेशनचा ब्लॉक घेऊन या."

दादाने वहिनीकडे बघितलं.

"तो गंगेत सोडला," वहिनी म्हणाली.

"गंगेत? वाराणसीला?"

"नाही हो, आमच्याच. नाशकात."

डॉक्टर रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवून नुसत्या बसून राहिल्या, आणि ते जास्त लागलं. नव्याने तुकडा काढावा लागेल, म्हणाल्या. पोटात सुई घालून तो काढला, तर तपासणीला अपुरा पडला. मग ताप, मग पोटात पाणी, ते उतरेपर्यंत थांबणं, मग पुन्हा सुई. शेवटी रिपोर्ट आला. तो बदल होता! वहिनीने मला फोनवर इतक्या आनंदाने सांगितलं, जणू बोर्डात आली होती. पण गोळी आपल्याकडे विकत मिळत नव्हती. डॉक्टरांनी कंपनीला विनंती करायची, कंपनीने कबूल व्हायचं, मग वहिनीच्या नावाने ती देशात आणायची परवानगी. म्हणजे पुन्हा वाट बघणं. जेवताना तिचा फोन ताटाशेजारी असायचा.

याच दिवसांत मुंबईच्या दवाखान्यातल्या बाकावर तिला कल्पना भेटली. चांदवडकडची, कांदे लावणारी, वयाने वहिनीच्या लेकीसारखी, आणि आजार हाच. "ताई, माझा बी तुकडा घरीच हाय," ती म्हणाली. "सासू म्हनती गंगंत सोडून दे, घरात लय वाईट असतं."

वहिनीने तिचं मनगट धरलं. "सोडायचा नाय. सासूला सांग, एका ताईनं सोडला होता. सांग, ती अजून शोधतेय."

गोळी आली. दादाने ती मुंबईहून आणली तेव्हा वहिनी नाशिकच्या दवाखान्यात होती, नाकात नळी होती. गाठींनी आतडं आवळलं होतं. घोटभर पाणी पोटात टिकत नव्हतं, आणि औषध तर गोळीच होतं, गिळायचं होतं. आता देता येणार नाही, असं डॉक्टरांनी दादाला बाहेर बोलावून सांगितलं. वहिनीला कुणी सांगायची गरज पडली नाही. तिने डबी मागून घेतली, कानाशी नेऊन हलवली. आतल्या गोळ्या वाजल्या. मग ती रडली. लग्न होऊन आल्यापासून मी तिला तसं रडताना पाहिलं नव्हतं.

"वन्सं, ती वडी ठेवली असती तर?"

"तेव्हा ही गोळीच कुठे होती, वहिनी?" मी म्हटलं. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं, आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं. माझा हात थोपटत ती म्हणाली, "जाऊ दे. आता सुईने काढलेला तुकडा लॅबकडून परत आलाय ना, तो तरी मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना देऊन टाका. अभ्यासाला लागतो म्हणाल्या होत्या." डबी न उघडता परत गेली. चार-पाच दिवसांनी वहिनी...

गेल्या आठवड्यात वहिनीच्या मोबाइलवर कल्पनाचा फोन आला, तो मी उचलला. वहिनी गेल्याचं तिला माहीत नव्हतं. तपासणीत तिच्या तुकड्यातही तो बदल निघाला होता आणि गोळी सुरू झाली होती. "ताईला सांगा ना, सासूनं ऐकलं," ती म्हणाली. मी दादाला हाक मारली. दादाने फोन घेतला आणि हळूहळू तिला सगळं सांगितलं.

सुईने काढलेल्या तुकड्याचा तो ब्लॉक दादाकडे आहे, कपाटात, शेवेच्या स्टीलच्या डब्यात. डॉक्टरांना द्यायचाय हे त्याच्या पक्कं ध्यानात आहे. अस्थी घेऊन निघालो त्या सकाळी आमच्या काकू म्हणाल्या, "ते पण घे रे, एकदमच सोडून ये." दादा कपाटाला कुलूप लावून आला. रोज म्हणतो, उद्या मुंबईला नेऊन देतो. काल मी गेले तर तो पलंगावर बसला होता, डबा मांडीवर धरून, स्कूटीवर तिच्या मागे बसायचा तसा. मी घाई केली नाही. नेईल तो, त्याने तिचा शब्द कधी मोडलेला नाही. पण वहिनी सगळी गंगेत गेली, आणि एवढीशीच घरात उरली आहे.