राव

राज्य खालसा होऊन काही वर्षं लोटली होती. तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत एक शेजारी राहत. राजवाड्याच्या डागडुजीवर देखरेख करताना ते परांचीवरून पडले. डोक्याची जखम भरली, पण माणसांची नावं त्यांच्या मनातून गेली ती गेलीच. मलाही ते "राव" म्हणत आणि बायकोलाही रावच.

मी कलेक्टर कचेरीतून दमून परतलो, की त्यांची बायको, आमच्या वहिनी, त्यांना हाताला धरून आमच्या ओट्यावर आणून बसवत.

"एक डाव खेळा यांच्याशी. तेवढाच दिवस सरतो," त्या म्हणत.

मग सारीपाट मांडायचा. फाशांचं दान ते मोठ्यानं वाचत आणि सोंगटी हातात धरून कितीतरी वेळ नुसते बसत. डाव लवकर संपावा म्हणून मी मुद्दाम हरू लागलो.

एकदा त्यांची सोंगटी मारायची सोडून मी दुसरीच पुढे सरकवली. त्यांनी माझं मनगट धरलं. शब्द सापडेना, ओठ नुसते हलत राहिले. शेवटी माझी सोंगटी त्यांनी स्वतःच चालवली, आपली मारली आणि पटाबाहेर ठेवली.

"राव, मी पिसा नव्हे."

मला मान वर करवेना. त्या दिवशी मी खरा खेळलो. ते हरले, चिडले, पट उधळून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी परतलो तेव्हा ते ओट्यावर एकटेच येऊन बसले होते. पट मांडून तयार होता. दोन सोंगट्या चुकीच्या घरात होत्या. तसं मी त्यांना सांगितलं.