वत्सलाबाईंनी चोईसाहेबांना वय विचारलं

वत्सलाबाईंचं वय किती, हा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वीस वर्षं न सुटलेला प्रश्न होता. तोंडावर विचारलं की त्या म्हणायच्या, "नाना, पोळी वाढू का भाकरी?" त्यांच्या पत्र्याच्या खाणावळीत मी दोन्ही वेळा जेवायचो. खबर काढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, पण इथे मीसुद्धा थकलो. रेशनकार्ड तेवढं एकदा चोरून पाहिलं, त्यावर सत्तेचाळीस होतं. विश्वास मात्र बसला नाही. उत्तर मिळालं त्याच वर्षी, २००३ साली, आणि तेही एका कोरियन माणसामुळे!

शेजारच्या एका कारखान्यात (नाव विचारू नका, तिथले लोक अजून मला चहा पाजतात) नवं मशीन बसवायला पाच कोरियन आले. कँटीनचा मोकळा भात त्यांच्या जेवायच्या काड्यांत धरेना. बिचारे बिस्किटांवर दिवस काढायला लागले. तेव्हा ऑफिसातला किशोर धावत वत्सलाबाईंकडे आला.

"मावशी, आठवडाभर यांना जेवू घाला. त्यांचे मोठे साहेब, चोईसाहेब, खूश झाले तर कँटीनची शेड तुम्हाला!"

बाई हाताचं पीठ झटकायच्या विसरल्या. त्यांची खाणावळ रस्ता रुंदीकरणात जाणार होती. दिवाळीनंतर चूल कुठे मांडायची, याचा घोर त्यांना लागला होता.

"फक्त एक," किशोर म्हणाला, "फॉरेनचे लोक आहेत. वय, लग्न, पोरंबाळं असलं काही विचारायचं नाही. मॅनर्स असतात."

"मग माणसाशी बोलायचं तरी काय?" बाईंनी अगदी मनापासून विचारलं.

बाईंनी घोटीचा चिकट इंद्रायणी शिजवला आणि पहिल्याच दिवशी पातेलं चाटूनपुसून साफ झालं. त्यांच्यातला सगळ्यात लहान, ली नावाचा इंजिनिअर, ठेचा मागायला थेट चुलीपाशी यायला लागला. तिथेच शाळा भरली. ली बोलायचा, अर्थ इंग्रजीत सांगायचा आणि बाईंची भाची पल्लवी पिठाच्या डब्यावर खडूने लिहायची. अन्न्योंग हासेयो म्हणजे नमस्कार. खाम्साहाम्निदा म्हणजे आभारी आहे. मानी तुसेयो म्हणजे भरपूर जेवा. हे शेवटचं बाईंना एका दमात पाठ झालं. जन्मभर त्या दुसरं काय म्हणत होत्या?

मग ली एकेका वस्तूकडे बोट दाखवायला लागला. कप म्हणजे खॉप, कॉफी म्हणजे खॉपी, टेबल म्हणजे थेइबुल, मोबाइल म्हणजे हॅन्दुफोन. बाईंनी फुगडी घालायचीच काय ती बाकी ठेवली.

"अगं पल्ले, हे तर आपल्यावानीच हाय! यांनी पण इंग्रजी कुटून-कांडून घरात घेतलंय. निम्मी भाषा मला आधीच येती की!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाजीवाल्याला अन्न्योंग हासेयो केलं. त्याने घाबरून कोथिंबिरीची जुडी जास्त दिली.

"बाई, कोरियाला पळून जायचा बेत दिसतोय," मी म्हणालो.

"नाना, गप जेवा."

पण चोईसाहेब! ते मान खाली घालून जेवायचे, ना हूं ना चूं. ते गप्प, म्हणून बाकीचेही गप्प. सहा दिवस झाले. सातव्या दिवशी किशोर आणि खुद्द मॅनेजर निकाल ऐकायला येऊन बसले. बाईंनी भात वाढला, पदराला हात पुसले आणि आदल्या दिवशी लीकडून गुपचूप शिकलेलं वाक्य चोईसाहेबांपुढे खणखणीत म्हटलं, "योन्सेगा ओत्तोखे द्वेसेयो?"

म्हणजे, आपलं वय काय?

पल्लवीने किशोरच्या कानात अर्थ सांगितला तसा त्याला ठसका लागला. चोईसाहेबांनी काड्या खाली ठेवल्या आणि तोच प्रश्न उलट बाईंना केला.

अख्खी खाणावळ चावायची थांबली. मी तर घासही गिळला नाही! बाईंनी एकदा माझ्याकडे रागाने पाहिलं, डोळे मिटले आणि पंजा दाखवला. पाच. मग चार बोटं.

चोपन्न! रेशनकार्डाच्या वर तब्बल सात!

चोईसाहेब निघाले एक्कावन्नचे. ते उठले, बाईंसाठी खुर्ची ओढली, ग्लासात पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी पुढे करत वाकले. "नूनिम," म्हणाले.

"मोठी बहीण," लीने पल्लवीला इंग्रजीत सांगितलं. त्यांच्यात समोरच्याचं वय कळेपर्यंत काय म्हणून हाक मारावी, हेच ठरत नाही म्हणे. सहा दिवस साहेबांची तीच पंचाईत झाली होती, आणि बाईमाणसाला आपण होऊन विचारायचं तरी कसं! आता मात्र ते सुटलेच. मुलं किती? लग्नं झाली का? सून कशी आहे? किशोरची सगळी यादी त्यांनीच वाचली. ली मधे बसून इंग्रजी करायचा, पल्लवी मराठी करायची आणि बाई सुनेचं गाऱ्हाणं सांगता सांगता ताटात भात लोटायच्या.

मॅनेजरने चोईसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी तोंडातला घास चावता चावता अंगठा वर केला. मॅनेजरने खिशातून शेडची किल्ली काढली आणि पुढे धरली. "मावशी, घ्या."

बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ठेवा तिथं थेइबुलावर," त्या म्हणाल्या. "भाऊ जेवतोय माझा."