हजबंडवरची पाच वाक्यं

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पुढं जन्मभर 'आमचे हे', नाहीतर 'माझे मिस्टर'. मीही पंचवीस वर्षं ठसक्यात सांगत आले, माझे मिस्टर वाळूजला कंपनीत आहेत. आणि हे आपण इंग्रजी बोलतो, अशी माझी समजूत होती.

ती समजूत औरंगपुऱ्यात एका दुकानावरच्या खोलीत उतरली. मी त्याच गल्लीत दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायला बसते. डॉक्टर म्हणाले, फोनवर दोन वाक्यं तरी इंग्रजीत बोलता आली पाहिजेत. दुपारी दवाखाना बंद असतो, म्हणून क्लास लावला. शिकवणाऱ्या मॅडम उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या. आमच्याशी मराठीत बोलायच्या, पण चिडल्या किंवा खूश झाल्या की दखनीत.

पहिल्याच दिवशी मी उठून म्हटलं, "माय मिस्टर इज इन कंपनी."

"मिस्टर नावाच्या आधी लावतात, ताई. एकटा मिस्टर नसतो. हजबंड म्हणा."

"माझा एकटाच आहे मॅडम, गुजरातेत," मी म्हटलं. सगळा क्लास हसला. मीही हसले, पण माझं मलाच लागलं ते.

वर्षभरापूर्वी कंपनीनं यांच्या मशिनी तिकडं हलवल्या. जायचं असेल तर चला, नाहीतर घरी बसा. पन्नाशीच्या माणसाला नवी नोकरी कोण देतंय? गेले बिचारे. तिथं चौघांत एक खोली, मग मी कुठं राहणार? लेक लग्न होऊन जालन्याला. इथं मी आणि आमची स्कूटर.

मॅडमची पद्धत अशी की रोज एक शब्द द्यायचा, त्यावर घरून पाच वाक्यं लिहून आणायची, आणि पाचही खरी पाहिजेत. "जुमला सच्चा होना," त्या म्हणायच्या; जुमला म्हणजे वाक्य. "झूटे जुमले कू मैं नंबर नहीं देती." चेअर झालं, बकेट झालं, लॉक झालं. मग आला हजबंड.

मी पटापट लिहिलं. माय हजबंड गेट्स अप ॲट सिक्स. माय हजबंड लाइक्स टी. मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "अजून सहालाच उठतात का तिथं?"

मला सांगताच येईना. कधी उठतात, चहा कोण देतं, देतं तरी का? ज्या माणसाला पंचवीस वर्षं डबा करून दिला, त्याच्यावर मला पाच खरी वाक्यं येईनात. असा संताप आला म्हणून सांगू! कुणाचा, ते विचारू नका.

आमचे फोन तरी कसले? "जेवलात का?" "जेवलो." "बरं आहे ना?" "हाय की." "ठेवू मग?" "ठेव." झालं! त्या संध्याकाळी मात्र मी म्हटलं, "अहो, मला होमवर्क आहे. तुमच्यावर."

"माझ्यावर? मी काय गाय हाय का निबंधाला?"

"मुकाट्यानं सांगा, किती वाजता उठता? मॅडम खोटं वाक्य घेत नाहीत."

मग सांगितलं. साडेचारला उठतात, कारण मोरी एक आणि माणसं चार. चहा सोडला. "इथला चहा म्हंजे नुस्ता पाक गं." रविवारी स्वतः पिठलं करतात, त्यात गुठळ्या होतात. मी लिहिलं, माय हजबंड मेक्स पिठलं. इट इज नॉट गुड. मॅडम इतक्या हसल्या, पाचपैकी पाच दिले.

तेव्हापासून रोजचा शब्द मी फोनवर न्यायला लागले. विंडो. "तुमच्या खिडकीतून काय दिसतं?" "भिंत." "अजून?" "भिंतीवर एक कबुतर येतंय. लंगडं हाय." पिलो, शूज, अम्ब्रेला. कसे आहात विचारलं तर 'बरा' म्हणून गप्प होणारा माणूस होमवर्क म्हटलं की अर्धा अर्धा तास बोलायचा. फोन ठेवला तरी मी त्या खोलीतच असायची.

तीन महिन्यांनी क्लास संपला. सर्टिफिकेट मिळालं. यांना मी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला आणि म्हटलं, "आज टॉवेल." पुढं चार महिने दवाखान्यात बसून मी शब्द शोधत होते, मिरर, स्पून, काय वाट्टेल ते. कळलं तर पुन्हा 'जेवलात का' वर येऊ, ही एकच भीती होती.

दिवाळीला चार दिवस आले. वाळले होते. औरंगपुऱ्यात खरेदीला गेलो, तर गर्दीतून मॅडम समोर. "यहीच क्या वो हजबंड? पिठलं अब कैसा बनता?" हे लाजले, खूश झाले. आणि मॅडम माझ्याकडं वळल्या. "क्लास खतम होके चार महीने हो गए, एक दिन मिलने कू नहीं आए तुम!"

यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. स्कूटरवर बोलले नाहीत, घरी बोलले नाहीत. भाऊबीज झाली, बॅग उचलली आणि गेले.

मी फोन केला नाही. कोणत्या तोंडानं करणार? दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, कधी करत नाहीत त्या वेळी, यांचाच फोन आला. मागं मशीनचा आवाज.

"आज कोणता शब्द?"

मला रडू आवरेना. "शब्द-बिब्द काही नाही हो. मला करमत नाही तुमच्याशिवाय," मी म्हटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

ते मशीनपासून लांब गेले असावेत, आवाज कमी झाला. मग म्हणाले, "मला बी नाय करमत. तू इचारशील म्हणून दिवसभर ध्यानात ठेवायचो, आज हे सांगू, उद्या ते सांगू." आणि हळूच, "पर मला वाटायचं, तुला ते निस्तं क्लाससाठीच लागतंय."