तपासणी दुसऱ्याने करायची

हर्नियाच्या शस्त्रक्रिया मी परळच्या एका रुग्णालयात तीसहून अधिक वर्षे केल्या. तुम्ही शिवलेले पुन्हा उसवले, असे एकाही रुग्णाने मला येऊन सांगितले नाही. याचा मला अभिमान होता आणि तो मी लपवत नसे.

निवृत्तीनंतर विभाग माझ्या विद्यार्थिनीकडे गेला. विशेष हर्निया केंद्र म्हणून मान्यता मिळावी, यासाठी तिने अर्ज केला. मान्यता मिळाली तर इतर रुग्णालयांतले तरुण सर्जन आमच्याकडे रीतसर प्रशिक्षणाला येणार होते. न मिळाल्यास विभागच बंद करून सर्वसाधारण शस्त्रक्रियेत मिसळायचा, असे व्यवस्थापनाने ठरवून टाकले होते.

अटी कडक होत्या, तशाच असाव्यात. एक सोडून सर्व पुऱ्या झाल्या. मागील काही वर्षांतला प्रत्येक रुग्ण पुन्हा तपासलेला हवा होता, आणि तपासणारा शस्त्रक्रिया करणाऱ्याहून वेगळा हवा होता. त्या वर्षांत माझी अखेरची वर्षेही येत होती.

“माझे कशाला तपासायचे?” मी म्हणालो. “एकही परत आलेला नाही.”

“सर, परत आला नाही, की फक्त तुमच्याकडे आला नाही?”

मला ते ठाऊक नव्हते.

फोनवर सगळेच “बरं आहे” म्हणत. म्हणून आम्ही घरोघर जायचे ठरवले. यादीतले पत्ते चाळींचे होते आणि चाळी पाडून झाल्या होत्या. माणसे मी चेहऱ्याने ओळखत होतो, एवढ्यासाठी तिने मला सोबत घेतले.

नायगावच्या नव्या इमारतीत एक निवृत्त बस कंडक्टर राहत होते. त्यांच्यावरची शस्त्रक्रिया माझी.

“जय भीम, डॉक्टर! तुम्ही आमच्या घरी?” त्यांनी मला पंख्याखालची खुर्ची दिली.

“कसे आहे?”

“एकदम टकाटक. तुमचा हात लागल्यावर काय होतंय?”

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीने भांडे जरा जोरातच ठेवले. माझ्या विद्यार्थिनीने ते ऐकले.

“सर, तुम्ही थोडा वेळ बाहेर थांबता का?”

रुग्णाजवळून मला याआधी कोणी बाहेर काढले नव्हते. मी लिफ्टसमोर उभा राहिलो. शेजारच्या एका बाईंनी विचारले, “कोणाकडे आलात, काका?”

“आत तपासणी चालू आहे.”

“कोणाची, तुमची?”

“हो,” मी म्हणालो.

दार उघडले तेव्हा पत्नीचा आवाज आधी बाहेर आला. “वर्षाच्या आत गाठ परत आली होती. तेव्हापासून कमरेला पट्टा बांधून फिरतायत. माझ्यापुढे तोंडाचा पट्टा चालू, आणि डॉक्टर दिसले की गरीब गाय!”

कंडक्टर खाली पाहत होते. “तुम्ही सुट्टीचा दिवस मोडून माझं ऑपरेशन केलं होतंत. तुम्हाला कसं सांगायचं?”

“सांगायला हवे होते.”

“आणि तुम्ही विचारायला,” पत्नी म्हणाली.

माझा निकाल स्वच्छ होता, कारण माझे रुग्ण सभ्य होते. करी रोडला असाच आणखी एक निघाला. तोही माझाच.

सर निवृत्त आहेत, त्यांचे रुग्ण वगळले तरी चालेल, असे कार्यालयातून सुचवण्यात आले. मी नोंदवही मागवली. दोन्ही अपयशे माझ्या नावासमोर, माझ्या अक्षरात लिहिली आणि सही केली.

पाहणीला दोन परीक्षक आले. त्यांतले ज्येष्ठ पाने उलटता उलटता त्या नोंदींवर थांबले.

“हे कोणी शोधले?”

“मी,” ती म्हणाली.

“आणि लिहिले?”

“मी,” मी पुढे होऊन म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. “सगळे कोरे, निर्दोष असते तर विश्वास बसला नसता, आणि आम्ही चहा घेऊन निघालो असतो.”

ते निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी कंडक्टरांची फेरशस्त्रक्रिया होती. विभागातल्या एका शिकाऊ सर्जनने ती केली. माझी विद्यार्थिनी समोर उभी राहून एकेक पायरी तपासत होती. कमकुवत जागेवर आधाराची जाळी बसवताना तिने एकदा त्याचा हात थांबवला, “पुन्हा, अजून खाली” एवढेच म्हणाली, आणि त्याने ती पुन्हा बसवली. मी परीक्षकांसोबत मागे उभा होतो. माझ्या हातून काय निसटले होते ते मला तिथून स्पष्ट दिसले. इतके नेटके काम मी स्वतः केले नव्हते, आणि हे मी परीक्षकांना ऐकू जाईल असे बोललो.

पत्र आले त्या सकाळी मी शिवाजी पार्कला फेरी मारत होतो. तिने फोनवर वाचून दाखवले. केंद्राला पूर्ण मान्यता. प्रशिक्षणार्थींची पहिली तुकडी घेण्यास परवानगी.

“पुन्हा वाच,” मी म्हणालो. तिने वाचले.

कट्ट्यावर रोजची मंडळी बसली होती. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी हवेपलीकडे काही बोललो नव्हतो. त्या दिवशी थांबून सर्वांना बातमी सांगितली. पुढच्या फेरीत, ज्यांना ओळखत नव्हतो त्यांनाही सांगितली.