आटा बसेपर्यंत

बाबांच्या खोलीत मला दोन मिनिटंही धड बसवत नाही. शाळेतली कारकुनी संपल्यापासून ते जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीत, कॅमेऱ्याच्या लेन्स दुरुस्त करत बसतात. आसपासचे लग्नाचे फोटोग्राफर त्यांच्याकडेच येतात. काम झकास, पण वेग असा की बघणाऱ्याला घेरी यावी. आणि मी तर लिफ्टला जरा उशीर झाला की जिन्यानं धाडधाड निघणारी बाई.

गेल्या उन्हाळ्यातल्या त्या दिवशी मी आधीच धुसफुसत होते. बाबांना साखरेचा त्रास. गोळ्या मनाला येईल तेव्हा, आणि डॉक्टरचं नाव काढलं की, "मला काय धाड भरलीय?" हे ठरलेलं. तपासणीची वेळ घ्यायची मी आणि बुडवायची त्यांनी, असं चाललेलं. त्या दुपारची वेळ तरी चुकू द्यायची नाही म्हणून मी कामाला दांडी मारून घरी थांबले होते. एवढ्यात कुंभारी गावचा एक फोटोग्राफर लेन्स घेऊन दारात उभा राहिला. बाबांना निमित्तच मिळालं.

"काका, संध्याकाळी हळद हाय. लई अर्जंट हाय बगा."

त्यानं लेन्सच्या तोंडावरचा फिल्टर गडबडीत वाकडा बसवला होता. दोन्हींचे स्क्रूसारखे आटे एकमेकांत आडवे घुसले, फिल्टर अडकला, मग त्यानं जोर लावला.

"पक्कड लावलीस?" बाबांनी कडेवरचे ओरखडे बघत विचारलं.

"थोडीशीच की."

"थोडीशी पक्कड नसते रे. बस बाहेर."

त्यांनी पहिल्यांदा पंखा बंद केला. मे महिना, सोलापूर, आणि पंखा बंद! धूळ उडू नये म्हणून असेल, असं म्हणून मी पदरानं वारा घेत दाराशी उभी राहिले. बाबांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा तळहातावर ठेवला, फिल्टरवर सपाट दाबला आणि हळूहळू फिरवायला लागले. अडकलेल्या फिल्टरची गोल कडी चिमटीत आवळली की ती लंबगोल होते आणि आणखीच घट्ट धरून बसते, हे ते येईल त्या प्रत्येकाला सांगतात. चिमटीत आवळणारे लोक मला मात्र पटतात.

फिल्टर सुटला. आट्याचं वाकलेलं टोक बाबांनी बारीक कानशीनं साफ केलं, कीस ब्रशनं झटकला आणि नवा फिल्टर लावायला घेतला. आता त्यांचं नेहमीचं सुरू झालं. आधी उलटं फिरवायचं. फिरवता फिरवता एका जागी आटा आट्यावरून घसरून किंचित खाली बसतो. ते बोटाला कळतं. मग सुलटं. एरवी बाबा हे करताना लेन्सकडे बघतसुद्धा नाहीत, खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवरची वाळवणं बघत असतात.

त्या दिवशी फिल्टर वाकडा बसला. त्यांनी काढला. पुन्हा उलटं, पुन्हा सुलटं, पुन्हा वाकडा. बाहेरून "झालं का काका?" असा पुकारा आला. डॉक्टरकडची वेळ जवळ येत होती, पाठीवरून घाम ओघळत होता, आणि माझे हात नुसते शिवशिवत होते.

"द्या इकडे! मी लावते."

बाबांनी लेन्स माझ्यापासून लांब नेली, अगदी कानाजवळ. डोळे मिटून ते फिल्टर उलटा फिरवत राहिले. बोटांवरचं कातडं पांढरं पडेल इतक्या जोरानं त्यांनी कडी धरली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंख्याचा आवाज नको होता त्यांना. त्यांच्या बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून ते ऐकत होते.

"बाबा," मी म्हटलं.

त्यांनी लेन्स टेबलावर ठेवली. "बोट ठेव इथं. बसला की सांग. घाई करू नकोस."

मी कडेवर बोट ठेवलं. त्यांनी उलटं फिरवलं. काहीच होईना. मला ओरडावंसं वाटत होतं. मग बोटाखाली काहीतरी हललं, धान्याचा दाणा सरकावा एवढंच.

"बसला!"

त्यांनी सुलटं फिरवलं. फिल्टर लोण्यात जावा तसा गेला. फोटोग्राफर लेन्स छातीशी धरून पळालाच. बाबा मात्र खुर्चीतच बसून होते.

"कधीपासून हे?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती.

"दिवाळीच्या आधीपासून असेल." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "पायांचंही तसंच झालंय. सकाळी बादलीत पाय घातला, तर पाणी इतकं कढत आहे हे तुझी आई ओरडली तेव्हा कळलं."

मी खाली बसले आणि त्यांचा पायजमा वर सरकवला. उजवं पाऊल लालबुंद झालं होतं, अंगठ्याजवळ पाण्यानं भरलेला फोड. मी ते पाऊल दोन्ही हातांत घट्ट धरलं.

बाबा अजून बाहेरच बघत होते. "खाली काय शोधतेस गं?" ते म्हणाले. "स्क्रू पडला का एखादा?"